अप्पांसाठी एक मिनिट शांतता

आमच्या घरात दोन मराठी नांदत होत्या आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नसे. आई सोलापूरची. तिची मराठी खणखणीत, तोंडावर बोलणारी. अप्पा तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कधीतरी घोड्यांवरून दक्षिणेत आले आणि सोबत आणलेली भाषा त्यांनी तशीच जपून ठेवली, फक्त तिच्यात तमिळचं पाणी मुरत गेलं. अप्पा 'नको'ला 'नोको' म्हणत, 'मला'ला 'मज', आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'की' लावत. आई म्हणायची, "तुम्ही बोलायला लागलात की कुणीतरी बखर वाचून दाखवतंय असं वाटतं, आणि मधेच तमिळ बातम्या लागतात." अप्पा हसत. मी शाळेत तमिळ आणि इंग्रजी बोले, घरात आईशी आईची आणि अप्पांशी अप्पांची मराठी बोले, आणि कुठलीच धड येत नाही म्हणून दोघांकडूनही बोलणी खाई. आज मी पुण्यात राहते आणि हे आईच्या मराठीत लिहिते आहे. अप्पांच्या मराठीत लिहायला हवं होतं, पण ती लिहायची कशी हे मला कुणी शिकवलंच नाही.

टी. नगरमध्ये साड्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. आडी, म्हणजे तमिळ आषाढ, लागला की दुकानांचे सेल सुरू होत आणि सकाळी दहापासून कर्णे कोकलत: आत या, अम्मा, या, एकावर एक फुकट. त्याच्या खाली बसचे हॉर्न, रिक्षावाल्यांची भांडणं, फुलवालीची हाक. आई सगळ्या खिडक्या लावून घेई, तरी आवाज येई. अप्पांना त्याचं काहीच वाटत नसे. ते जेवायला बसले की त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं ताटाच्या कडेवर चालायला लागत. टक, टकटक, थांबा, टक. बसच्या हॉर्नमध्येही त्यांना काहीतरी सापडे, त्यावर बोटं जात. ताटात एका बाजूला त्यांच्यासाठी केलेली वांग्याची रसवांगी असे, दुसऱ्या बाजूला आईची शेंगदाण्याची चटणी, आणि मधे ती दोन बोटं. आई पाहुण्यांना सांगायची, "बाकीचा माणूस माझ्याकडे नांदतो. बोटं तेवढी अजून माहेरी आहेत."

माहेर म्हणजे बँड. लग्नाच्या आधी, मद्रासला मद्रास म्हणत तेव्हा, अप्पा एका हॉटेलातल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवत. बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. चौघे होते. रघू गिटार वाजवायचा आणि तोच म्होरक्या. स्टॅनली अंकल ड्रमवर. चौथा, गाणारा, पुढे ऑस्ट्रेलियाला गेला आणि परत कधी दिसला नाही. त्या दिवसांत अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं एक नाचाचं संगीत इथे नुकतंच पोचलं होतं, त्याला फंक म्हणतात. त्यात गाण्याला फार मान नसतो. बेस पुढे असतो, तो अडखळल्यासारखा चालतो आणि ऐकणाऱ्याचे पाय त्याच्या मागे ओढले जातात. एका रेकॉर्ड कंपनीने मद्रास, मुंबई, कलकत्ता इथल्या हॉटेलांतल्या बँडची असली एकेक चीज घेऊन एक तबकडी काढली होती. ती फारशी खपली नाही. अप्पांकडे एक होती, ती तिरुवल्लिक्केणीच्या जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा वाकली आणि मग कुणीतरी टाकून दिली. गिटार मात्र राहिली. काळ्या कापडी खोळीत, लोखंडी कपाटाच्या मागे, भिंतीला टेकून उभी. तिची खोळ आई दिवाळीला झटकायची तेवढीच.

अप्पांनी बँड सोडला त्याची घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: आजोबांनी विमा कंपनीत नोकरी लावून दिली आणि म्हणाले, हॉटेलात वाजवणाऱ्याला मुलगी कोण देणार. अप्पांनी नोकरी घेतली. मग सोलापूरहून स्थळ आलं. ही गोष्ट कुणी सांगायला लागलं की आई स्वयंपाकघरात निघून जायची. एकदा मी तिच्या मागे गेले तेव्हा ती भांडी आपटत म्हणाली, "मला कुणी विचारलं होतं का? मी तर गणपतीच्या मेळ्यात नाचलेली पोर. मला वाजवणारा नवरा आवडला असता. माझं नाव पुढे करून यांनी सोडलं, आणि आता जन्मभर मी ती, जिच्यासाठी सोडलं."

मी अकरावीत होते तेव्हा एका रविवारी दुपारी स्टॅनली अंकल आले. ते पेरांबूरला राहत, रेल्वेतून निवृत्त झालेले, वर्षातून दोनदा नाताळचा केक आणि ईस्टरची अंडी घेऊन येणारे. त्या दिवशी रिकाम्या हातांनी आले आणि जिना चढून आल्यावर बराच वेळ नुसते दम खात बसले. त्यांच्याशी आमच्या घरात सगळे इंग्रजी-तमिळ मिसळून बोलत.

"गोवी," ते अप्पांना म्हणाले. गोविंदराव हे अप्पांचं नाव. गोवी म्हणणारे जगात दोघेच उरले होते. "ती आपली रेकॉर्ड. ती परत निघतेय."

"कोणती?"

"आपण काय शंभर काढल्या होत्या? तीच. लंडनची कुठलीशी छोटी कंपनी आहे. एका गोऱ्या पोराला जुन्या बाजारात एक प्रत मिळाली म्हणे. तिकडे तिला क्लासिक म्हणतात, गोवी. क्लासिक! सीडी नाही, पुन्हा तबकडीच काढतायत, जाड, तेच मुखपृष्ठ. माझ्याशी तो फोनवर जरासं बोलला. बाकी सगळं रघू बघतोय. नुंगंबाक्कमच्या मोठ्या हॉटेलात कार्यक्रम आहे."

रघू तोवर मोठा माणूस झाला होता. जाहिरातींची गाणी करणारा त्याचा स्टुडिओ होता, वर्तमानपत्रात फोटो येत, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेले. त्याचा आमच्याकडे कधी फोन आला नव्हता. पण तो आम्हाला ओळखत नव्हता असं नाही. आदल्याच वर्षी मैलापूरला एका लग्नात तो आणि आम्ही एकाच पंगतीत जेवलो होतो. त्याने पानावरून मान वर करून अप्पांना हात केला होता आणि मग पायसम वाढून घेतलं होतं.

"मज बोलावणार की?" अप्पांनी विचारलं, आणि मग स्टॅनली अंकलना मराठी येत नाही हे लक्षात येऊन तमिळमध्ये पुन्हा विचारलं.

"म्हणजे काय? बेसशिवाय ती चीज आहे का? बोलावेल. बोलवायलाच पाहिजे. कदाचित वाजवायलाही लावेल."

त्यानंतरचे आठवडे मला अप्पांचे सर्वांत सुखाचे दिवस म्हणून आठवतात, आणि म्हणूनच मला ते आठवायला आवडत नाहीत. कपाटामागची गिटार बाहेर आली. जॉर्ज टाउनमध्ये वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात अप्पा ती घेऊन गेले, मला बरोबर नेलं, आणि तारा बदलून होईपर्यंत तिथल्या बाकावर लग्नातल्या नवऱ्यामुलासारखे ताठ बसून राहिले. घरी आल्यावर ॲम्प्लिफायर नव्हताच. ते खाटेवर बसून तशीच वाजवत, कोरडी, तारांचा नुसता ठपठप आवाज येई. पण त्या ठपठपीतही ती चाल कळायची. चार पावलं पुढे, मग एकदम मागे खेचणारं एक पाऊल, मग एक रिकामी जागा. ही चाल कशी सुचली ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं: हॉटेलच्या मागच्या बाजूला कपडे धुणाऱ्यांचे दगड होते, दुपारी तिथे चौघे-पाचजण ओळीने कपडे आपटत, आणि त्यांतला एकजण लंगडा होता, त्याचा आपटा नेहमी जरा उशिरा पडे. "तो उशीर मी घेतला," अप्पा म्हणाले. "बाकी सगळं रघूचं. तो उशीर माझा."

आईही बदलली. ती दारात उभी राहून ऐकायची, हातात पळी घेऊन, आणि विचारायची, "हेच का ते?" जणू इतकी वर्षं ती ज्या बाईशी भांडत होती तिला आज पहिल्यांदा बघत होती. एकदा मी शाळेतून आले तर अप्पा वाजवत होते आणि आई ओट्यापाशी पाठमोरी, कणीक मळता मळता खांदे हलवत होती. मला बघून थांबली. "काय बघतेस? अभ्यासाला बस."

निमंत्रण आलं नाही. अप्पा म्हणाले, जुन्या पत्त्यावर गेलं असेल. मग म्हणाले, रघू स्वतः फोन करेल, कार्ड वगैरे बाहेरच्यांना. फोन वाजला की ते खुर्चीवरून अर्धवट उठत, आणि आई मुद्दाम हळू चालत जाऊन तो घेई, म्हणजे त्यांना घाई आहे असं दिसू नये. शेवटी स्टॅनली अंकलनीच फोन केला: "माझ्या कार्डावर सहकुटुंब लिहिलंय. माझं कुटुंब वर गेलं, मुलगी दुबईला. तूच माझं कुटुंब. चल. रघूला धक्काच देऊ."

आईने लग्नातली कांजीवरम नेसली. अप्पांनी पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी धारदार. गिटार बरोबर घ्यायची की नाही यावर रिक्षा खाली येऊन उभी राहीपर्यंत चर्चा चालली, आणि शेवटी आईच म्हणाली, "घ्या हो. विचारलंच तर? रिकाम्या हाताने काय सांगणार?" रिक्षात गिटार आम्हा तिघांच्या मांड्यांवर आडवी होती, तिचं डोकं बाहेर डोकावत होतं, आणि सिग्नलला मोटरसायकलवाले तिला चुकवून जात होते.

हॉटेलचा हॉल गार होता. कोट घातलेल्या एका पोराने अप्पांच्या खोळीकडे बघून सांगितलं की सामान बाहेर ठेवायचं आहे. "हे सामान नव्हे," अप्पा इंग्रजीत म्हणाले, इतकं हळू की तो पोरगा मागे सरकला. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे स्टॅनली अंकलना नाव लावलेली खुर्ची होती, ते तिथे बसले आणि सारखे वळून आमच्याकडे बघून डोळे मिचकावत होते. हॉल तरुण लोकांनी भरला होता. आयटीतली पोरं असावीत, काळे टी-शर्ट, गळ्यात कॅमेरे. टेबलावर तबकड्या उभ्या रचून ठेवल्या होत्या, नारिंगी मुखपृष्ठाच्या, नव्या कोऱ्या. लंडनहून आलेला तो गोरा मुलगा मी समजत होते त्यापेक्षा फारच लहान होता, तिशीतला, उन्हाने नाक लाल झालेला. तो तबकडीवर सारखा हात फिरवत होता.

त्याने दोन वाक्यं बोलून माइक रघूच्या हातात दिला. रघू चांगलं बोलायचा. त्याने मद्रासच्या त्या दिवसांबद्दल सांगितलं, हॉटेलच्या मॅनेजरची नक्कल केली, लोक हसले, अप्पाही हसले, आईच्या कानात म्हणाले, "अगदी तस्साच होता तो." मग रघूने आवाज खाली आणला.

"आज एकजण इथे नाही," तो म्हणाला. "आमचा गोवी. ही चीज तुम्ही ऐकाल तेव्हा तिच्यात जो बेस आहे तो त्याचा. मी त्याला ती चाल गुणगुणून दाखवली होती, एका दुपारी, आणि त्याने ती अशी उचलली, जशी त्याच्या बोटांतच होती. रेकॉर्डिंगनंतर थोड्याच दिवसांत तो आम्हाला सोडून गेला. ताप आला होता. इतका कोवळा मुलगा. त्याच्यानंतर आम्ही कधी नीट वाजवूच शकलो नाही. ही तबकडी आम्ही त्याला अर्पण केली आहे. माझी विनंती आहे, आपण सगळ्यांनी एक मिनिट उभं राहू या."

सगळा हॉल उभा राहिला. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला.

मला वाटलं, दुसरा कोणी गोवी असेल. खरंच वाटलं. मी अप्पांकडे बघितलं. तेही उभे राहिले होते. सगळे उभे राहिले म्हणून सवयीने उठले असतील, शाळेत किंवा थिएटरात उठतो तसे. गिटारची खोळ त्यांच्यासमोर उभी होती आणि तिच्या मानेवर त्यांचे दोन्ही हात होते. पुढे स्टॅनली अंकल एकटेच बसलेले होते, मागे वळून, तोंड उघडं. आई म्हणाली, "अहो, हे काय..." आणि एवढ्या शांततेत ते फार मोठ्याने ऐकू गेलं. दोन-चार डोकी वळली. तिने हात वर उचलला, ती हाक मारणार होती, ओरडणार होती, मला माहीत आहे आईचा तो चेहरा. अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"नोको," ते म्हणाले. "राहूं दे. संपूं दे."

आणि माझे वडील स्वतःसाठी एक मिनिट उभे राहिले. मान खाली घालून. त्यांनी मान खाली घातली हे मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

मग त्या गोऱ्या मुलाने सुई ठेवली. मी ती चीज पहिल्यांदाच खरी ऐकत होते. खाटेवरची कोरडी ठपठप तेवढी माझ्या ओळखीची होती. इथे ती चाल जमिनीतून वर येत होती, खुर्चीच्या पायांतून, आणि तो उशीर आला तेव्हा काळ्या टी-शर्टांतली पोरं एकदम "ओह" म्हणाली, सगळी एकाच वेळी. इतकं चांगलं होतं ते. मी अप्पांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो खोळीवर होता. बोटं हलली नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर आई सरळ टेबलाकडे गेली. तिने एक तबकडी उचलली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. "वाच." मागे चौघांचा फोटो होता. अप्पा मधे, केस खांद्यापर्यंत, तोंड भरून हसताहेत. हसण्याची ती पद्धत मी घरात कधी बघितली नव्हती. खाली छापलं होतं, आमच्या लाडक्या गोवीच्या स्मृतीस. मी ते मराठीत सांगितलं. आईने तबकडी जागेवर ठेवली, नीट, रांगेत, आणि रघूपाशी जाऊन उभी राहिली. अप्पा तिच्या मागे गेले ते तिला थांबवायला. पण रघूने तिला बघितलंच नाही, त्याने अप्पांना बघितलं.

त्याचा चेहरा क्षणभर इतका घाबरला की मला बरं वाटलं. मग त्याने हात पसरले. "गोवी! डेय! तू... मला तर लोकांनी सांगितलं की..."

"कोणत्या लोकांनी?" आईने तमिळमध्ये विचारलं. तिची तमिळ सोलापुरी होती, प्रत्येक शब्दावर घाव घालणारी. "मैलापूरच्या लग्नात तुम्ही आमच्यासमोर पायसम खाल्लंत. तेव्हा हे भूत होते का?"

भोवती माणसं होती. रघूने अप्पांचा दंड धरला आणि त्यांना बाजूच्या दारातून हॉटेलच्या आतल्या बोळात नेलं. तिथे वेटर ट्रे घेऊन जात-येत होते. आई आणि मी मागोमाग गेलो. त्याने आम्हाला नको म्हटलं नाही. स्टॅनली अंकल दारात येऊन थांबले.

"तू गेलास तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे का?" रघू म्हणाला. आता त्याचा आवाज माइकवरचा नव्हता. "मुंबईचं हॉटेल ठरलं होतं. वर्षभराचं. सामान बांधलेलं. आणि तू तुझ्या बापाच्या मागून येऊन सांगितलंस, मी नोकरीला लागतोय. बेस नाही म्हणून त्यांनी सगळ्यांनाच नाही म्हटलं. मी मग सहा वर्षं लग्नात वाजवलं, गोवी. वरातीत. स्टॅनली रेल्वेत गेला. तू एकदा विचारायला आलास? त्या गोऱ्याने विचारलं, बेस कोण, तो कुठे आहे. मी काय सांगू? आमच्यातला सर्वांत चांगला होता तो, आणि पेन्शन मिळेल म्हणून निघून गेला, आणि आता टी. नगरमध्ये विम्याचे कागद फाडतो? असं छापू? मेलास ते बरं दिसतं. मेलेल्यासाठी लोक उभे तरी राहतात. तू बघितलंस ना."

एक वेटर "एक्स्क्यूज मी, सार" म्हणत मधून गेला.

"ती चाल," अप्पा शेवटी म्हणाले. "ती तू गुणगुणलीस?"

रघूने दुसरीकडे बघितलं. "एवढ्या वर्षांनी कुणाला काय आठवतं."

"मला आठवतं."

"मग तेव्हा थांबायचं होतंस."

इतक्यात तो गोरा मुलगा रघूला शोधत बोळात आला. सगळीकडे हसून बघितलं, अप्पांच्या हातातली खोळ बघितली, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मला दिसलं ते. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, "तुम्हीपण वाजवता का?"

तो क्षण माझ्यापुढे आजही थांबून राहतो. एक शब्द पुरला असता. स्टॅनली अंकल दारात उभे होते, ते साक्ष द्यायला तयार होते. आई अप्पांच्या तोंडाकडे बघत होती. रघूसुद्धा, मला वाटतं, वाट बघत होता. कदाचित त्यालाही सुटका हवी होती. अप्पांनी त्या मुलाचा हात हातात घेतला, जरा जास्त वेळ धरला, आणि इंग्रजीत म्हणाले, "नाही. मी विमा कंपनीत आहे. ही गिटार माझ्या मुलीची."

परतीच्या रिक्षात पांडी बझारच्या सिग्नलला आईने विचारलं, "का?"

"तो खरें बोलला," अप्पा म्हणाले. "तूं ऐकट्लीस की. त्याचें खोटें होतें, पण तो खरें बोलला."

"आणि मी?" आई म्हणाली. "माझ्यासमोर तुम्ही मेलात. मी कोण त्या हॉलमध्ये?"

अप्पांनी बाहेर आलेलं गिटारचं डोकं आत ओढून घेतलं.

स्टॅनली अंकल गप्प बसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला गाठून सगळं सांगितलं. मुलगा भला निघाला. लंडनहून त्याने आमच्याकडे फोन केला, माफी मागितली, पुढच्या खेपेला दुरुस्ती करू म्हणाला, आधी एकदा येऊन बोलणं ध्वनिमुद्रित करतो म्हणाला. अप्पांनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की तुमची चूक झाली आहे, तुम्ही दुसऱ्याच गोविंदरावांना शोधताय. पुढची खेप निघालीच नाही. जेवढ्या निघाल्या होत्या तेवढ्या आता लोक चढ्या भावाने विकत घेतात असं मी ऐकते. पुण्यात एका कॉफीच्या दुकानात ती भिंतीवर चौकटीत लावलेली आहे. मी तिथे जात नाही.

घरात मात्र आईने ते सोडलं नाही. वर्षानुवर्षं सोडलं नाही. मार्गशीर्षात शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या तेव्हा ती आरशासमोर करंडा उघडून उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "लावू का नको, ते त्या रघूला विचारून या आधी." अप्पा वर्तमानपत्र वर करायचे. मी त्यांच्यावर रागावलेली होते आणि आईवरही, कारण ती माझ्या मनातलंच बोलत होती आणि ते ऐकायला वाईट वाटत होतं. जेवताना अप्पांचा उजवा हात आता ताटात असे, नाहीतर मांडीवर. तो कर्ण्यांचा आणि हॉर्नचा आवाज पूर्वीसारखाच होता; आता तो त्यांना त्रास देऊ लागला. "खिडकी लाव," ते म्हणत. आई एकदा म्हणाली, "बोटं आली एकदाची सासरी," आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मी कॉलेज संपवून नोकरीला लागले त्या वर्षी अप्पा गेले. सकाळी आंघोळीला गेले आणि बाहेर आले नाहीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेजारच्या मामींनी दार तोडायला माणूस आणला, ऑफिसातले लोक आले, त्यांनी फार चांगलं बोलून दाखवलं, आणि सगळं उरकून आम्ही रिकाम्या हॉलमध्ये चटईवर बसलो होतो. स्टॅनली अंकल खुर्चीत होते. मामींनी किटलीभर कॉफी पाठवली होती. तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि दारात रघू उभा राहिला. केस कापलेले, म्हातारा झालेला. हातात चमेलीचा मोठा हार, ओला, त्याचं पाणी त्याच्या चपलांवर ठिबकत होतं. तो रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. त्याच्या तोंडून शब्द येत नव्हते, फक्त "गोवी, गोवी" येत होतं.

त्याने चपला काढल्या आणि उंबऱ्यावर पाय टाकला. आई उठली. पांढऱ्या कपाळाने ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याला पाय मागे घ्यावा लागला.

"तुमचं रडून झालंय," ती तमिळमध्ये म्हणाली. आवाज चढला नाही. "सगळ्यांना उभं करून, माइकवर. मी होते तिथे. आता आमची पाळी आहे. आम्हाला बसू द्या."

रघूने माझ्याकडे बघितलं, मग स्टॅनली अंकलकडे. अंकल खाली बघत होते. मी बघत राहिले. त्याला हाराचं काय करावं ते कळेना. तो एकदा दाराच्या कडीला अडकवायला गेला, मग त्याने तो परत हातात घेतला. चपला घालताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आईने दार लावून घेतलं नाही. तो खाली रस्त्यावर पोचेपर्यंत ती तशीच दारात उभी होती. मग ती आत आली, माझ्या शेजारी चटईवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामींनी कॉफी पाठवलीय. निवतेय. घ्या सगळ्यांनी."